एक मिलिमीटर

एक मिलिमीटर. आख्खा रविवार गिळला त्या एका मिलिमीटरने.

सकाळी सातला बोटीच्या ट्रेलरला जॅक लावला. दुपारी अडीचला हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, रॉकेलने लख्ख धुऊन झाला होता, त्यात नव्या रेस, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्या, ठोकून झाल्या होत्या, तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगच्या एकेका रोलरमधून पलीकडे निघेपर्यंत दाबून झालं होतं. मग सील घेतलं, म्हणजे हबचं मागचं तोंड बंद करणारी रबर बसवलेली कडी, लाकडाचा तुकडा ठेवून हलक्या हाताने ठोकलं. असं टच्च बसलं की दोन मिनिटं नुसता बघत राहिलो. आणि हब स्पिंडलवर, म्हणजे आखाच्या टोकावर, सरकवायला गेलो तर सीलचं रबर आत दुमडलं. काढला, पुन्हा घातला, पुन्हा दुमडलं. ग्रीस लावून घातला, फिरवत फिरवत घातला, मनातल्या मनात हात जोडून घातला. दुमडलं. मग माप घ्यायला व्हर्निअर आणला. जुन्या सीलचं आतलं माप ४३.७. नव्याचं ४२.७. बाहेरचा व्यास मात्र दोघांचा तोच, म्हणजे हबमध्ये बसवताना कोणाच्या बापाला कळणार नाही.

मी काही अंदाजाने उठून गेलो नव्हतो हो दुकानात. आतल्या बेअरिंगचा नंबर एल ६८१४९, बाहेरच्याचा एल ४४६४९, दोन्ही कागदावर लिहून नेले होते. स्पिंडल आतल्या बाजूला ३५ मिलिमीटर, बाहेर २७, तेही लिहिलं होतं. सीलचा नंबर गंजाने खाल्ला होता, म्हणून जुनं सीलच पिशवीत घालून नेलं. काउंटरवरच्या गृहस्थाने त्याच्यावर नवं सील ठेवलं, कडेने बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘सेम आहे.’ बोटाने! व्हर्निअर त्याच्यामागे भिंतीला टांगलेला होता, तोही पॅकिंगसकट.

फोन केला तर म्हणे, ‘साहेब, रबरच आहे ना ते, बसेल की. जरा दाबा.’

दाबा म्हणे. अरे बाबा, आख्ख्या चाकात पाण्याला अडवणारी ती एकच वस्तू आहे. बोट पाण्यात सोडताना तापलेला हब थंड पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि मिळेल त्या फटीतून पाणी ओढते. त्या फटीच्या तोंडाशी हे दुमडलेलं रबर उभं करायचं, आणि वर ‘जरा दाबा’. आणि परत तरी देणार कसं? ठोकून बसवलेलं सील उचकटताना वाकतंच. ‘वाकलेलं आम्ही घेत नाही,’ असंही त्याने त्याच फोनवर, न विचारता, सांगून टाकलं. ते मात्र त्याला पाठ होतं. मापं नाहीत पाठ, अटी पाठ!

ज्याने एकाच बेअरिंगच्या स्पिंडलसाठी एका मिलिमीटरच्या फरकाची दोन सीलं काढली, त्याच्याशी मला पाच मिनिटं बोलायचंय. दार लावून.

आणि हे अडीच वाजता. त्याआधीची सकाळ कशात गेली ते विचारूच नका. विचारलं नाही तरी सांगतो. हब ओढला तर बेअरिंगची जाळी तुटलेली, रोलर फरशीवर टपटपटप. बाहेरचं बेअरिंग निघालं, आतल्या बेअरिंगची कडी मात्र स्पिंडलवर जी चिकटून बसली, जणू तिथेच जन्मली. पुलरला पकड नाही, कारण मागे जागाच नाही. छन्नी लावली, छन्नीचं तोंड बोथट झालं. गॅसची बत्ती मारली, शेजारचा रंग करपला, कडी थंडच. शेवटी ग्राइंडर. तिरका काप घ्यायचा, अगदी आरपार जायच्या आत थांबायचं, नाहीतर स्पिंडल कापला जातो आणि बेअरिंगचं काम आखाचं काम होऊन बसतं. म्हणजे एवढ्या दणदणाटात, तोंडावर ठिणग्या उडत असताना, सोनारासारखा हात ठेवायचा! ठेवला. छन्नीचा एक ठोका घातला आणि कडी ‘टण्‌’ करून तडकली. आजच्या दिवसात माझ्या मनासारखा झालेला एवढाच आवाज.

व्हिडिओत मात्र सगळं कसं लोण्यासारखं निघतं. स्वच्छ हात, इस्त्रीचा शर्ट, पितळी पंच, दोन ठोके, रेस खाली. हबही असा की नुकताच कारखान्यातून आलाय. अहो, एकदा तरी गंजलेला हब घ्या! एकदा तरी नट अडवणारी स्प्लिट पिन भोकात अर्धी तुटलेली दाखवा! रेसच्या मागे पंच टेकवायला नखाएवढी जागा असते, तिथून पंच सटकून अंगठ्यावर बसतो, तो भाग कापून टाकतात वाटतं.

आणि ते हबचा नट आवळणारे. हे निमुळत्या रोलरचं बेअरिंग टिमकेन साहेबाने १८९८ साली पेटंट केलं. तेव्हापासून नट किती आवळायचा हे काही लोकांच्या डोक्यात शिरलेलं नाही. मागे एकदा वाटेत चाक गरम झालं म्हणून एकाकडे थांबलो, तर त्याने पान्याला हातभर पाइप लावला आणि लटकला. ‘आता हलणार नाही,’ म्हणाला. नाहीच हलणार! चाकच फिरणार नाही तर हलेल कुठून? हब फिरवत फिरवत आवळायचा, रोलर बसू द्यायचे, मग सैल सोडायचा, बोटांनी जेवढा लागेल तेवढा लावायचा आणि गरज पडली तर पिनच्या भोकापर्यंत मागे घ्यायचा. तेवढा किंचित खेळ लागतोच. पण हे सांगायला गेलं की समोरचा असा बघतो, जणू मी चाक निखळावं म्हणून नवस बोललोय. त्या खेपेला बेअरिंग उघडलं तेव्हा रोलर निळे पडले होते. मोरपिशी. दिसायला सुंदर.

त्यात आमचा मेहुणा. हबवर स्प्रिंगची टोपी आहे, तिच्यात ग्रीस थोडं भरायचं, स्प्रिंग जराशी पुढे आली की थांबायचं. याचं म्हणणं, ‘दाजी, ग्रीस कधी जास्त होत नसतं.’ ट्रेलर एका दिवसासाठी नेला आणि जाताना प्रेमाने अख्खी गन रिकामी केली. मागचं सील फुटलं, रिमच्या आतून सगळं ग्रीस टायरवर. परत आणून देताना म्हणाला, ‘फुल करून दिलंय.’

बोट बघायला सगळे येतात. पॉलिश किती मस्त, इंजिन किती हॉर्सपॉवरचं, सीटचं कापड कुठून आणलं. आजवर एकही माणूस खाली वाकून म्हणाला नाही, ‘वा, हब काय थंड आहेत तुमचे!’ मी मात्र प्रत्येक थांब्यावर चहाच्या आधी चारही हबना हात लावून येतो, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. लोक हसतात. चाक निखळून पुढे पळतं तेव्हा नाही हसत.

असो. तर आज जुनं ग्रीस खरवडताना माझा पारा आणखी चढला, कारण आत दोन रंगांची ग्रीस होती. लाल आणि निळं, कालवून जांभळट काला झालेला. काही ग्रीस एकमेकांत मिसळली की पातळ होऊन वाहून जातात, हे ज्याला ठाऊक नाही त्याने हातात ग्रीस गन धरूच नये, असं मी मोठ्याने बोललो. मुलगा शेजारीच होता, त्याला उद्देशून एक छोटं भाषणही दिलं. निष्काळजीपणा, अर्धवट ज्ञान, ‘चालतंय की’ वृत्ती, सगळं आलं त्यात. तो शांतपणे ऐकत ट्रेलरच्या चॅनेलखाली वाकला आणि म्हणाला, ‘बाबा, इथे मार्करने तारीख लिहिलीय. अक्षर तुमचं आहे.’

तीन वर्षांपूर्वीची तारीख. दर वर्षी उघडून बघायचं असतं, हे त्याच भाषणात पाच मिनिटांपूर्वी सांगून झालं होतं. मग आठवलंही. त्या संध्याकाळी लाल डबा संपला होता, अंधार पडत होता, निळा डबा हाताशी होता. आणि मी म्हणालो होतो... जाऊ दे, काय म्हणालो होतो ते.

मुलगा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

दुसरं सील उद्या आणणार, व्हर्निअर खिशात घालून. तोवर हबवर प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवलीय, ट्रेलर एका बाजूने घोडीवर. आवरताना सहज पलीकडच्या चाकाची टोपी काढून पाहिली. आत दुधाळ, पांढुरकं ग्रीस. पाणी शिरलंय.

इकडे तिकडे बघितलं. मुलगा घरात गेला होता. टोपी परत ठोकली आणि हात धुवायला गेलो.