पाच नंबरी सगळीकडं चालत नाही
फ्लाय फिशिंगवरच्या त्या लेखात 9 फुटी, 5 नंबरची फ्लाय रॉड (फ्लाय म्हणजे पिसांचा नकली किडा, तो फेकून मासे धरायची काठी) 'एकच पुरे' म्हटलंय. ट्राउट माशांच्या ओढ्यांना ठीक आहे. पण इथं पंचगंगेवर, राजाराम बंधाऱ्याजवळ वारा सुटला की तिची हलकी लाइन, म्हणजे दोरी, परत तोंडावर येते राव! फ्लायला स्वतःचं वजन जवळपास नसतंच, ती लाइनच्या वजनानं जाते. रॉडवरचा नंबर म्हणजे लाइनचाच नंबर, नंबर मोठा तेवढी लाइन जड. पिसांची मोठी फ्लाय फेकायची तर 7 किंवा 8 पायजे. मी 7 घेतली, चार तुकड्यांची, गाडीवर सॅकला बांधून नेता येते. लहान माशाला जरा दांडगी पडते, खरंय. आणि सगळे पैसे रॉडवर घालवू नका, लाइन चांगली घ्या. आमचा आजा मात्र बांबूला गळ बांधून माझ्यापेक्षा जास्त मासे आणायचा!