दोन अंगणवाड्या आणि एक वही

लेक तीन वर्षांची झाली तसा सोलापुरातून मेहुण्याचा फोन आला, "मग दाजी, शाळा कुठली बघितली?" त्यानं स्वतःच्या पोरासाठी पाच शाळा हिंडून, मुलाखती देऊन बघितल्या होत्या. मंगळवेढ्याकडच्या आमच्या गावात अंगणवाड्या दोनच. पण बापाचं कर्तव्य म्हणून मीही शंभर पानी वही घेऊन निघालो.

पहिली मारुतीच्या देवळामागं. भिंतीवर रंगवलेल्या एका जनावराला मी वाघ म्हणालो, पोरं मांजर म्हणाली. बहुमत त्यांचं होतं. ताईंना विचारलं, "अभ्यासक्रम काय असतो?"

"गाणी, गोष्टी, खेळ. आणि शेंबूड आपला आपण पुसायचा."

हे मी वहीत अधोरेखित केलं. आमच्या घरात अजून सगळ्यांना जमत नाही.

दुसरी वस्तीवर. खोली नवी, पण वर पत्रा. फेब्रुवारी सरला की आपल्याकडं पत्र्याखाली भाकरी भाजून निघेल. म्हणून पोरं बाहेर लिंबाखाली. तिथल्या मदतनीसबाईंनी खिचडी पुढं केली. तुलनेसाठी थोडी खाल्ली. मग खात्री करायला आणखी थोडी. शेजारचं पोरगं माझ्या ताटाकडं बघत म्हणालं, "काका, तुमचं नाव रजिस्टरात हाय का?"

रात्री घरात बैठक. मी वाचून दाखवलं : तीन ते सहा वर्षांच्या लेकराला अंगणवाडीच्या खाण्यातून दिवसाला किती उष्मांक, किती ग्रॅम प्रथिनं मिळायला पाहिजेत. आई म्हणाली, "आन् मीठ?" ते वहीत नव्हतं. बायको नुसती हसत होती. त्या हसण्याचा अर्थ विचारायला हवा होता. पण मी गुणांची बेरीज करत होतो. साडेतीन गुणांनी वस्ती जिंकली.

सकाळी देवळामागच्या ताईंना वाईट वाटू नये म्हणून निकाल सांगायला स्वतः गेलो, लेकीला घेऊन. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि रजिस्टर उघडलं.

"दादा, तुमचं घर माझ्या सर्वेक्षणात येतं. वहिनींना तिसरा महिना होता तेव्हाच मी नोंद केलीय. हे बघा, जन्माचं वजन दोन किलो सातशे. हे डोस. आणि मागल्या महिन्यात बारा किलो चारशे."

मला लेकीचं वजन माहीत नव्हतं. जन्मतारीखही मी बायकोला विचारून वहीत लिहिली होती.

शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली पालघरकडच्या बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढं शाळाच पोरांच्या अंगणात नेली, असं मी मेहुण्याला ऐकवायला पाठ केलं होतं. आमच्या अंगणात ती शाळा तीन वर्षं येत होती. दर खेपेला मी कट्ट्यावर असणार.

"वहीत काय लिहिलंय?" ताईंनी विचारलं.

"काही नाही, हिशेब," म्हणत मी वही पाठीमागं लपवली. लेक एव्हाना सतरंजीवर मांडी घालून बसली होती. भिंतीकडं बोट दाखवून ती मोठ्यानं म्हणाली, "माऊ!"