पैसे किती दिले ते कळते, कशासाठी दिले ते कळत नाही

एक्झॉनमोबिल या तेल कंपनीचे वॉशिंग्टनमधील ज्येष्ठ लॉबिस्ट, म्हणजे सरकारी धोरणे कंपनीच्या बाजूने वळवण्याचे काम करणारे, कीथ मॅकॉय यांची एक चित्रफीत जून २०२१ च्या अखेरीस बाहेर आली. नोकरीसाठी माणसे हेरणाऱ्या सल्लागाराशी आपण बोलत आहोत अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात व्हिडिओ कॉलवर समोर होती ग्रीनपीस यूके या पर्यावरणवादी संस्थेच्या शोधपत्रकारिता विभागाची माणसे. कंपनी कार्बन कराला, म्हणजे कार्बन उत्सर्जनावरील कराला, जाहीर पाठिंबा देत असली, तरी असा कर येणार नाही हे तिला ठाऊक आहे आणि बोलण्यापुरता तो सोयीचा मुद्दा आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. हवामानविज्ञानातील काही निष्कर्षांविरुद्ध आपण झगडलो, पडद्याआडच्या गटांतही सामील झालो, हे त्यांनी मान्य केले आणि त्यात बेकायदेशीर काहीच नव्हते, अशी पुस्तीही जोडली. कंपनीचे प्रमुख डॅरेन वुड्स यांनी ही विधाने कंपनीची भूमिका नसल्याचे सांगून माफी मागितली.

माफीपेक्षा मला ती पुस्ती महत्त्वाची वाटते, कारण अडचण तिथेच आहे. अमेरिकेत १९९५ पासून लॉबिंगच्या नोंदणीचा कायदा आहे आणि दर तिमाहीला विवरणपत्र भरावे लागते. कोणासाठी लॉबिंग केले, कोणत्या विधेयकावर केले आणि किती खर्च झाला, हे त्यात असते. पण विधेयकाच्या बाजूने बोललो की विरोधात, हे सांगण्याचे बंधन नाही. म्हणजे कार्बन कर आणू पाहणारा आणि तो हाणून पाडू पाहणारा, दोघांची विवरणपत्रे सारखीच दिसू शकतात. लोकमत वळवण्यासाठी केलेल्या जाहिराती तर या कायद्याच्या कक्षेतच येत नाहीत.

त्याहून मोठी पळवाट म्हणजे उद्योगसंघटना. कंपनीने स्वतःच्या संकेतस्थळावर पॅरिस कराराचे गोडवे गायचे आणि जिला आपण वर्गणी देतो त्या संघटनेने त्याच धोरणाविरुद्ध मोहीम चालवायची. दुसऱ्याच्या खांद्यावरून बंदूक चालवण्याचा हा प्रकार वर्षानुवर्षे चालला आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे एक्झॉन, शेव्हरॉन, बीपी आणि शेल यांचे अधिकारी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या तेल उद्योगाच्या संघटनेच्या प्रमुखांसोबतच साक्षीला होते. विजेवरील वाहनांना विरोध थांबवा, असे या संस्थेला इथेच सांगाल का, असे समितीचे सदस्य रो खन्ना यांनी विचारले, तेव्हा एकानेही तसे सांगितले नाही. संघटनेत राहणे ही सक्ती नव्हेच. हवामानविषयक मतभेदांमुळे फ्रान्सच्या टोटलने त्याच वर्षी जानेवारीत तिचे सदस्यत्व सोडले होते.

आश्चर्य म्हणजे या बाबतीत कायद्यापेक्षा भागधारक पुढे गेले. हवामानविषयक लॉबिंगचा हिशेब मागणारा ठराव शेव्हरॉनच्या सभेत २०२० साली सुमारे ५३ टक्के मतांनी आणि एक्झॉनच्या सभेत मे २०२१ मध्ये, चित्रफीत बाहेर येण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, सुमारे ६४ टक्के मतांनी संमत झाला. दोन्ही ठराव कंपन्यांवर बंधनकारक नव्हते, पण आपला पैसा कोणत्या बाजूने बोलतो हे मालकांना कळले पाहिजे, ही मागणी त्यामुळे नोंदली गेली.

आपल्याकडे लॉबिंगचा कायदाच नाही. सेबी या भांडवली बाजाराच्या नियामक संस्थेने आघाडीच्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला आहे आणि त्याचे सातवे तत्त्व धोरणांवर प्रभाव पाडण्याविषयीच आहे. परंतु त्यातील सक्तीच्या भागात किती उद्योगसंघटनांचे सदस्य आहात आणि त्यांतील प्रमुख दहा कोणत्या, एवढेच मुख्यत्वे विचारले जाते. कोणत्या धोरणासाठी, कोणत्या मार्गाने बाजू मांडली आणि ती माहिती जनतेला उपलब्ध आहे का, हे रकाने ऐच्छिक भागात आहेत. जे सर्वांत आधी विचारायला हवे, ते नेमके कंपनीच्या मर्जीवर सोडले आहे!

मोटारींच्या इंधन-कार्यक्षमतेच्या नव्या निकषांचेच पाहा. सप्टेंबर २०२५ च्या मसुद्यात ९०९ किलोपर्यंतच्या लहान पेट्रोल गाड्यांना सवलत सुचवली गेली. मारुती सवलतीच्या बाजूने होती, तर टाटा मोटर्सने उघड विरोध केला, म्हणून कोण काय मागते आहे हे वर्तमानपत्रांतून आपल्याला समजले. सगळे उत्पादक एकमताने सरकारकडे गेले असते, तर यातले किती बाहेर आले असते?

कंपन्यांनी सरकारशी बोलूच नये, असे माझे म्हणणे नाही. कारखाना कसा चालतो हे त्यांनाच ठाऊक असते आणि सौरऊर्जा कंपन्याही मंत्रालयांकडे आपले म्हणणे मांडतच असतात. माझी मागणी मर्यादित आहे. सातव्या तत्त्वाखालचे ऐच्छिक रकाने सक्तीचे करावेत आणि संघटनेची भूमिका कंपनीच्या जाहीर भूमिकेशी कुठे विसंगत आहे, हे सांगणारा एक रकाना त्यात जोडावा. शिवाय कायद्याच्या मसुद्यांवर आलेल्या सूचनांचा सारांश मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ठेवण्याची तरतूद २०१४ च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणात आहेच. त्या सारांशात प्रत्येक सूचनेपुढे ती करणाऱ्या कंपनीचे किंवा संघटनेचे नाव छापले, तर नवा कायदा येईपर्यंत थांबण्याचीही गरज नाही.