‘रोबोट बांधा, पाय चालू लागतील’ : या दाव्यातलं एकेक वाक्य तपासू

यांत्रिक पाय बांधून चालणाऱ्या पक्षाघाताच्या रुग्णाचा व्हिडिओ सध्या फिरतोय. खाली लिहिलंय : ‘रुग्णाने फक्त उभं राहायचं. रोबोट शरीराला चालायला शिकवतो. महिन्याभरात काठी सुटते. फिजिओथेरपिस्ट लागत नाही.’ घरचे लोक असं वाचून उपचार ठरवतात, म्हणून उत्तर देणं गरजेचं आहे.

‘फक्त उभं राहायचं.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. मेंदू शिकतो तो स्वतःच्या प्रयत्नातून आणि प्रयत्न चुकल्यावर. मोटरने पाय पूर्ण उचलून दिला की रुग्णाचे स्नायू अंग काढून घेतात. म्हणून ट्रेडमिलवरच्या यंत्रात दोन आकडे हळूहळू खाली आणायचे असतात : हार्नेसने (रुग्णाला वरून पेलणाऱ्या पट्ट्यांनी) पेललेलं वजन आणि मोटरचा जोर. सुरुवातीला शरीराचा जवळपास निम्मा भार हार्नेसवर ठेवला, तरी पाय टेकल्यावर गुडघा दुमडत नाही असं दिसलं की तो कमी करायला लागायचं. भार कमी केल्यावर गुडघा लचकू लागला तर एक पायरी मागे यायचं. रुग्ण अर्धा तास निवांत गप्पा मारत चालत असेल, तर बहुधा काम यंत्र करतंय.

‘शरीराला शिकवतो.’ इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे : सराव देऊन शिकवणारं यंत्र आणि नुसतं चालवणारं यंत्र. मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या माणसाला अंगावर घालायचा एक्सोस्केलेटन, म्हणजे मोटरवर चालणारा यांत्रिक सांगाडा, चालवतो, पण तो काढला की पाय पूर्वीसारखेच. रीवॉक नावाच्या अशाच एका यंत्राला अमेरिकेत २०१४ साली घरच्या वापराची परवानगी मिळाली, तीही प्रशिक्षित सोबती बरोबर असण्याच्या अटीवर. दोन्ही हातांत कुबड्या लागतात, म्हणजे हातात काही धरता येत नाही. अशा यंत्रांचा सरासरी वेग सेकंदाला पाव मीटरच्या आसपास, आणि रस्ता ओलांडायला त्याच्या तिप्पट-चौपट लागतो. उभं राहणं, समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलणं, याचं मोल मोठं आहे. पण व्हीलचेअर विकून टाकू नका.

‘महिन्याभरात काठी सुटते.’ पक्षाघातानंतर पहिल्या तीन महिन्यांत, अजून चालताच न येणाऱ्या रुग्णांना यंत्र आणि फिजिओथेरपी मिळून दिली, तर आधाराशिवाय चालता येण्याची शक्यता वाढते. याला चांगला पुरावा आहे. आधीच चालणाऱ्यांना फायदा फारसा दिसत नाही. हाताचं चित्र आणखी बोलकं आहे. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला आठवड्यातून तीनदा, ४५ मिनिटं, १२ आठवडे रोबोटवर सराव दिला. हाताची हालचाल थोडी सुधारली, पण हाताने कामं करण्याची क्षमता नेहमीच्या उपचारांपेक्षा वाढली नाही. पडद्यावरच्या ठिपक्याकडे हँडल ढकलणं वेगळं. पेल्यासाठी बोटं उघडणं, पेल्याच्या मापाने ती मिटणं, पाणी न सांडता मनगट सरळ ठेवणं वेगळं. यंत्रावरून उतरल्यावर लगेच खरा पेला हातात दिला नाही, तर कमावलेली हालचाल रोजच्या कामात उतरत नाही.

‘फिजिओथेरपिस्ट लागत नाही.’ यंत्र बांधणं हीच कसबाची गोष्ट आहे. गुडघा बिजागरीसारखा एकाच अक्षावर फिरत नाही. वाकताना त्याचा अक्ष सरकतो, यंत्राचा जागच्या जागी राहतो. बांधताना सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची चूक झाली तरी प्रत्येक पावलाला पट्टा नडगीवर वर-खाली घासतो, आणि संवेदना नसलेल्या पायाला ते कळतही नाही. म्हणून पट्टे सोडल्यावर त्वचा पाहायची. लाली अर्ध्या तासात ओसरली नाही, तर मापं बदलेपर्यंत पुन्हा बांधायचं नाही. उभं करताना रक्तदाब मोजायचा, कारण बरेच दिवस पडून असलेल्याचा तो झपकन उतरतो. छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर मज्जारज्जूला इजा असेल तर उलट धोकाही असतो : घट्ट पट्टा किंवा भरलेलं मूत्राशय एवढ्याने रक्तदाब एकदम चढतो. डोकं ठणकलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, की यंत्र तिथेच थांबवायचं, रुग्णाला बसवायचं, पट्टे सोडायचे आणि मूत्राशय तपासायचं. शिवाय वर्षानुवर्षं भार न पडलेली हाडं ठिसूळ होतात आणि गुडघ्याजवळ मोडतात, तेही वेदनेशिवाय. त्यामुळे पहिल्या पावलाआधी हाडांची घनता तपासून घ्यायची, आणि सत्रानंतर गुडघ्याला नवी सूज दिसली तर आधी एक्स-रे काढायचा.