साहेबांना किती किलो?

परवा सकाळी साडेदहाच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये साहेबांनी पुण्यातल्या गारेगार खोलीतून, बारा जणांसमोर मला विचारलं, "तुमच्याकडे मागे गिरणी चालू आहे का?"

गिरणी नव्हती, कूलर होता. मे महिन्यात धुळ्याचा पारा 43-44 ला जाऊन बसतो. कूलर बंद केला तर मी उकडतो आणि चालू ठेवला तर माझा आवाज पुण्याला दळून जातो.

घर वन रूम किचन. पुढची खोली 10 बाय 12. तिच्यात दिवाण, कपाट, शिलाई मशीन, गव्हाची कोठी आणि उरलेल्यात माझं ऑफिस. कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्यानं 1819 मध्ये इथं मुक्काम ठोकला आणि पेठ अशी काटकोनात आखली की आमच्या गल्ल्या अजून नंबरानं ओळखल्या जातात. त्याला ही खोली आखायला दिली असती तर त्यानं राजीनामा लिहिला असता. पण टेबल कुठं मांडून लिहिला असता?

टेबल मी आणलं. घडीचं, अठराशे रुपयांचं, माझ्या पैशांनी. कंपनीनं आमचं ऑफिस बंद केलं आणि प्रत्येकाला एकेक मग पाठवला. भाडं त्यांचं वाचलं, लाइट बिल माझं वाढलं. असो.

तर परवा त्याच खोलीत उडदाचे पापड होते. आमच्याकडे पापड एकटीनं करायचे नसतात. गल्लीतल्या बाया आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन येतात. तसं बायकोनं मला आदल्या दिवशी सांगितलं होतं म्हणे. आठ जणी, कुटलेल्या पिठाचा गोळा, दोऱ्यानं कापलेल्या लाट्या आणि कोपऱ्यात कोठीला टेकून मी. तीन आठवडे खपून केलेलं प्रेझेंटेशन नुकतं उघडलं होतं, तेवढ्यात शेजारच्या जिजी खांद्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"पोऱ्या, कोनसंगे बोली ऱ्हायना?"

"जिजी, मीटिंग चालू शे."

"हाऊ कोन?" पिठाचं बोट थेट साहेबांच्या कपाळावर टेकलं. स्क्रीनवर पांढरा टिळा उमटला.

"सायेब शे."

"इतला दुबळा काबर दिखस? घरमा कोनी खावाले देत नही का?"

माइक चालू होता. हे मला कळलं ते एका मराठी सहकाऱ्यानं घाईघाईनं आपला कॅमेरा बंद केल्यावर.

जिजींनी मग लॅपटॉपच्या कडेला हात लावला. पंख्यातून गरम वारा येत होता. "हाई तर गरम शे वं!" त्यांनी सगळ्यांना आनंदानं सांगितलं आणि पापड सुकेल म्हणून ओला पापड कीबोर्डवर पसरला. पापड असा पातळ की त्याच्याखालची अक्षरं वाचता येत होती. मी तो उचलायला गेलो आणि कुठलं बटण दाबलं गेलं कोण जाणे, प्रेझेंटेशन एकदम शेवटच्या स्लाइडवर. 'धन्यवाद.'

"थँक यू," साहेब म्हणाले. "फार थोडक्यात मांडलंत."

मी काय बोलणार? विश्वेश्वरय्या तरुणपणी खानदेशात नोकरीला होते, तेव्हा त्यांनी पांझरेच्या पात्रातून सायफननं पाणी पलीकडे नेलं, असं आम्ही अभिमानानं सांगतो. मला माझं एक वाक्य या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नेता येत नाही.

बरं, रागवायचं कुणावर? जिजींनी जाताना गालाला पीठ लागेल असा हात फिरवला आणि तेलात बुडवलेल्या दोन लाट्या दिल्या. मी खाल्ल्या. चांगल्या होत्या, त्याचाच जास्त राग आला.

संध्याकाळी साहेबांचा मेसेज आला. म्हटलं, आता विषय निघणार. निदान आकडे तरी विचारतील. मेसेज होता, "ते पापड विकत मिळतील का? मिसेस विचारतायत. दोन किलो." त्याखाली आणखी चौघांनी आपापले किलो टाकले होते. प्रेझेंटेशनबद्दल एक अक्षर नाही.

मी यादी बायकोला दाखवली. तिनं ती जिजींना वाचून दाखवली. जिजी दारातूनच ओरडल्या, "सोमवारे बिबड्या शेत रे भाऊ! टेबल मोकयं ठेव, धा वाजता लागी!"

बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड. आणि सोमवारी दहाला माझी मीटिंग आहे.