‘पिवळी जास्वंद सांगून लाल दिली’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत: पिवळी डबल जास्वंद म्हणून रोप घेतलं, आठ दिवसांत सगळ्या कळ्या गळल्या, चार महिन्यांनी त्यालाच साधी लाल फुलं यायला लागली, फोन केला तर म्हणे हवामानाने रंग बदलतो, ही शुद्ध फसवणूक आहे. तुमचे तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. रोप आमच्याच नर्सरीचं आहे. मातीतून अर्धी डोकावणारी कलमाची निळी टेपही आमच्याच माणसाने गुंडाळलेली.

आधी त्या फोनबद्दल. ते उत्तर चुकलं. कडक उन्हाळ्यात जास्वंदीचा रंग फिका पडतो, थंडीत गडद होतो, डबल फुलाच्या पाकळ्याही ऋतूप्रमाणे कमीजास्त होतात, इथवर ठीक. पण हवा बदलली म्हणून पिवळं डबल फूल पाच पाकळ्यांचं लाल होत नाही. ज्याने फोन घेतला त्याला माहीत नव्हतं, तर त्याने मला विचारायला हवं होतं.

झालंय असं की तुमचं रोप कलमी आहे. मोठ्या फुलांच्या या संकरित जास्वंदी हवाई बेटांवरच्या, पूर्व आफ्रिकेतल्या अशा निरनिराळ्या जातींच्या संकरातून आल्या. निवड झाली ती फुलाकडे बघून, मुळांकडे कोण बघतो! त्यामुळे त्यातल्या बऱ्याच स्वतःच्या मुळांवर रडतखडत वाढतात, म्हणून गावठी लाल जास्वंदीच्या खुंटावर, म्हणजे मुळं असलेल्या खालच्या खोडावर, त्यांची काडी बांधतात. खुंट तगडा असतो. त्याला सांध्याखालून, म्हणजे काडी आणि खुंट जिथे जोडलेत त्याच्या खालून, फुटवा आला की तो वरच्या काडीचं खाणं पळवतो आणि बघता बघता सगळी कुंडी बळकावतो. तुमच्या दुसऱ्या फोटोत डावीकडे सरळसोट उंच गेलेली फांदी आहे, पानं लहान, पातळ, कडा दातेरी. तो खुंट. उजवीकडे दोन बुटक्या काड्या, पानं रुंद, जाड, चकचकीत. ती तुमची पिवळी. अजून जिवंत दिसते.

हे रोप देतानाच सांगायचं होतं, आम्ही सांगितलं नाही. टेप कधी काढायची तेही नाही, कुंडी बदलताना सांधा मातीच्या वर राहू द्यायचा तेही नाही. तुमच्याकडे माती सांध्यावर चढलीय, मग फुटवा कुठून निघाला ते तुम्हाला दिसणार कसं? ही चूक आमची. ‘फसवणूक’ मात्र मला मान्य नाही. लालच खपवायची असती तर कलम बांधत कशाला बसलो असतो?

आता माती बोटांनी उकरून लाल फांदी जिथून निघालीय तिथपर्यंत जा. सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) मातीलगत छाटू नका. बुडाशी डोळे (नव्या फुटव्याचे कोंब) राहतात, एकाचे तीन होतात. फांदी कोवळी असेल तर खाली ओढून बुडासकट उपटा. जाड झाली असेल तर धारदार चाकूने खुंटाला चिकटून, बुडाचा फुगीर भागही राहणार नाही अशी काढा. जखम दोन दिवस उघडी सुकू द्या. टेप कापून टाका, ती खोडात रुतली तर वरची काडी उपाशी मरेल. माती सांध्याच्या खालीच ठेवा. मग पिवळीची साल नखाने जराशी खरवडून बघा. आत हिरवं असेल तर ती सावरेल, फक्त पाच-सहा तास ऊन मिळू द्या आणि सध्या तिला छाटू नका. तपकिरी, कोरडं निघालं तर मला कळवा. नवं रोप किंवा पैसे परत, तुम्ही म्हणाल ते.

कळ्यांचं म्हणाल तर, शेडनेटमधून गॅलरीत गेलेली जास्वंद आधी कळ्या टाकते. पहिल्या आठवड्यातली गळ त्यातलीच. पण आता लालच्या कळ्याही न उमलता पिवळ्या पडून गळतायत असं तुम्ही लिहिलंय, त्याचा संशय येतो. ताजी गळलेली कळी उभी चिरून पांढऱ्या कागदावर झटका. बारीक पांढरट अळ्या वळवळताना, टुणकन उडताना दिसल्या तर ती एका चिलटाएवढ्या माशीची करणी. ती कळीतच अंडी घालते, म्हणून पानांवर कितीही निंबोळी तेल मारलं तरी आतल्या अळीला ढिम्म फरक पडत नाही. अळी पुढे मातीत जाऊन कोष करते. तेव्हा गळलेल्या कळ्या रोज वेचा, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्या. कंपोस्टमध्ये अजिबात नको.

आणि तुम्ही देता ते महिन्यातून दोनदा डीएपी खत? त्यात 18 टक्के नत्र (नायट्रोजन) आणि 46 टक्के स्फुरद (फॉस्फेट) असतं. जास्वंदीला इतकं स्फुरद सोसत नाही. ते साठलं की झाडाला लोह नीट उचलता येत नाही, मग कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तुमच्या तिसऱ्या फोटोत आहेत तशा. डीएपी थांबवा. पालाश (पोटॅश) जास्त आणि स्फुरद कमी असलेलं खत थोडं थोडं द्या.

आजपासून आमच्या प्रत्येक कलमी रोपाला चिठ्ठी लागतेय: ‘सांध्याखालचा फुटवा काढा.’ तुमच्या रोपापासूनच लागायला हवी होती.

उपटलेली लाल फांदी टाकू नका. वीतभर तुकडे करा, खालची पानं काढा आणि ओलसर कोकोपीटमध्ये सावलीत खोचून ठेवा. आमचे खुंट आम्ही असेच करतो.