राइस ब्रॅन म्हणजे गुरांचं तेल? त्या फॉरवर्डमधला एकेक मुद्दा घेऊ

आमच्या गावच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा, की राइस ब्रॅन तेल म्हणजे गुरांचं खाद्य, ते पेट्रोलमध्ये भिजवून काढतात, पूर्वी याचा साबण करायचे, जपानमध्ये हे तेल खाऊन माणसं मेली, तर घरातला डबा फेका आणि खालच्या नंबरवर घाण्याचं शुद्ध राइस ब्रॅन मागवा. मी गोंदियाकडचा, घरी धानाची शेती, आणि काही वर्षं सॉल्व्हंट प्लांटच्या, म्हणजे रसायनात विरघळवून तेल काढणाऱ्या कारखान्याच्या, लॅबमध्ये कोंडा तपासण्यात घालवली आहेत, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी गुरांचं खाद्य. धान मिलमध्ये गेलं की वरचं टरफल निघतं ते तूस, ते बॉयलरला जातं. मग आतला तपकिरी दाणा पॉलिश करताना जी मऊ पिठासारखी भुकटी निघते तो कोंडा, म्हणजेच राइस ब्रॅन. १०० किलो धानामागे साधारण ८ किलो. तांदळातलं बहुतेक सगळं तेल याच थरात आणि अंकुरात असतं, चांगल्या कोंड्यात १५ ते २० टक्के. आता गुरांना काय जातं तर तेल काढून घेतल्यावर उरलेला कोंडा, ज्याला धंद्यात डीओआरबी म्हणतात. म्हणजे मेसेजने गोष्ट उलटी सांगितली. आणि गुरं खातात म्हणून माणसाने खायचं नाही म्हटलं तर सरकीचं आणि शेंगदाण्याचं तेलही सोडावं लागेल, त्यांचीही ढेप गोठ्यातच जाते ना.

पेट्रोलचा मुद्दा. वापरतात ते हेक्झेन, तेल विरघळवणारा एक द्रव, आणि ते पेट्रोलियममधूनच येतं, हे खरं आहे, लपवायचं काही नाही. कोंड्यातलं तेल त्यात विरघळतं, मग ते मिश्रण तापवून हेक्झेन उडवून परत गोळा करतात कारण ते महाग असतं, प्लांट ते वाया घालवेल तर चालणारच नाही. हेक्झेन ७० डिग्रीच्या आतच उकळतं आणि तेल पुढे रिफाइन होताना व्हॅक्यूममध्ये २०० च्या वर तापतं. कायदा असा आहे की सॉल्व्हंटने काढलेलं तेल रिफाइन केल्याशिवाय खायला विकता येत नाही आणि हेक्झेन ५ पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ५ भागांच्या, वर राहता कामा नये. आणि आपल्या लातूर-अकोल्याकडचं सोयाबीन तेल? तेही बहुतेक याच पद्धतीने निघतं. मेसेज पाठवणाऱ्या अर्ध्या घरांत तेच आहे.

साबण. हा मुद्दा खरा आहे आणि यावर जास्त बोलायला हवं, कारण सगळी मेख इथेच आहे. कोंड्यात लायपेज नावाचं एन्झाइम असतं, दाणा अखंड असतो तोवर ते आणि तेल वेगळे असतात, पॉलिश झालं की दोघं एकत्र येतात आणि तेल तुटून फॅटी अ‍ॅसिड सुटायला लागतं. आम्ही त्याला एफएफए म्हणायचो. सकाळचा ताजा कोंडा २-३ टक्क्यांवर असायचा, आणि पावसाळ्यात एखादी गाडी दोन दिवस मिलच्या आवारात अडकली की तोच आकडा १०-१५ च्या पुढे, पोतं उघडताच उग्र वास यायचा आणि पोत्यात हात घातला तर गरम लागायचा. असं तेल रिफाइन करायला परवडत नाही, म्हणून पूर्वी साबणवाले घ्यायचे. त्यात हलर म्हणजे जुन्या पद्धतीच्या भातगिरण्या कोंडा आणि तूस एकत्रच टाकायच्या, मग तेल हातात पडायचं जेमतेम. आता कोंडा काही तासांत वाफेने किंवा एक्सट्रूडर नावाच्या दाबून तापवणाऱ्या यंत्रात सव्वाशे डिग्रीच्या आसपास तापवतात, एन्झाइम मरतं. उकड्या तांदळाच्या कोंड्यात तर ते आधीच मेलेलं असतं. म्हणजे तेल साबणाचं की कढईचं हे कोंड्यावर नाही, वेळेवर ठरतं.

जपान. हे वाचून मला सगळ्यात जास्त राग आला, कारण माणसं खरंच आजारी पडली होती आणि त्यांचं दुःख असं वापरायचं? १९६८ ची गोष्ट आहे, पश्चिम जपानमध्ये कानेमी नावाच्या कंपनीच्या कोंड्याच्या तेलाने युशो नावाचा आजार झाला, सुमारे १४ हजार लोकांनी तक्रारी केल्या. चेहऱ्यावर पुरळ, काळे डाग, काळपट त्वचेची बाळं जन्मली. पण कारण तेल नव्हतं. तेलाचा वास घालवण्याच्या टाकीत तापवायला नळीतून पीसीबी हे रसायन फिरवत होते, नळीला गळती लागली आणि ते तेलात मिसळलं. काही महिने आधी त्याच कारखान्याच्या उरलेल्या तेलाचं खाद्य खाऊन लाखो कोंबड्या मेल्या होत्या, तेव्हाच थांबले असते तर एवढी माणसं वाचली असती. १९७९ मध्ये तैवानमध्ये परत तसंच झालं. त्या जागी दुसरं कुठलंही तेल असतं तरी हेच झालं असतं. आणि जपानी लोक आजही कोंड्याचं तेल खातात, तळणीला तर आवडीने. रिफायनरीवाल्याला विचारायचा प्रश्न हा आहे, की तुमची टाकी हाय प्रेशर वाफेवर तापते की दुसऱ्या कशावर.

दुसऱ्या बाजूने, या तेलाने हृदयाच्या रक्तवाहिन्यांतलं ब्लॉकेज निघतं वगैरे जे सांगतात तेही मला पटत नाही. कोलेस्टेरॉल थोडं कमी होतं असं अभ्यासांत दिसलंय, ज्याचं नाव जाहिरातीत घेतात तो ओरायझेनॉल नावाचा घटक यात असतो हेही खरं, पण केमिकल रिफायनिंगमध्ये (अल्कली घालून एफएफए काढतात ते) त्यातला बराचसा निघून जातो, फिजिकलमध्ये (वाफेने काढतात ते) टिकतो, म्हणून लेबल वाचा. तेल मात्र मोजूनच वापरायचं.

राहिला घाणा. शेंगदाण्यात, तिळात ५० टक्क्यांच्या आसपास तेल असतं, म्हणून घाण्यावर ते सुटतं. कोंडा भुकटी, तेल कमी, दाबला तर बरंचसं आतच अडकतं. जे निघेल त्यात मेण आणि डिंक, आणि कोंडा शिळा असेल तर एफएफए पण, ते काढायला रिफायनिंगच लागतं. लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलाला माझा काही विरोध नाही, आमच्या घरी तेच आहे. पण मेसेजखालच्या त्या नंबरवर कुणी फोन करणारच असेल तर एवढं विचारा, कोंडा किती तासांचा होता आणि तेलाचा एफएफए किती आलाय.